नव्या वाणाचा धनी कोण?

मृगाचा पहिला पाऊस झाला की चिखलीच्या कृषी सेवा केंद्रांत दोन खरेद्या शेजारीशेजारी होत असतात. एक असते संकरित बीटी कपाशीच्या पाकिटाची. ते अर्ध्या किलोहूनही हलके असते. दुसरी असते सोयाबीनच्या बॅगेची. ती पंचवीस-तीस किलोची, खांद्यावर टाकूनच न्यावी लागते. पाकिटातील सरकी यंदा पेरली की पुढील वर्षी नवे पाकीट घेणे आले, कारण संकरित झाडाचे बी पुन्हा पेरले तर पहिल्या पिढीचे गुण एकसारखे उतरत नाहीत. सोयाबीनचे तसे नाही. ते स्वपरागित पीक आहे. घरचे निवडक दाणे नीट साठविले तर पुढल्या मृगाला तेच पेरता येतात. शेतकरी या दोहोंतील फरक रुपयांत मोजतो. परंतु बियाण्याच्या धंद्यात कोणता नवा माल जन्माला येईल आणि कोणता येणारच नाही, याचा निर्णयही बऱ्याच अंशी याच फरकाने होतो. आणि तो निर्णय करताना चिखली तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला विचारण्याची पद्धत नाही.

उद्योगात नवे उत्पादन कसे घडवावे, याचे एक स्वतंत्र शास्त्र आज व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांतून शिकविले जाते. कल्पना पुष्कळ गोळा कराव्यात, त्या चाळाव्यात, थोड्यांचे नमुने करावेत, लहान बाजारात पारखावेत आणि टिकेल तेवढ्यावरच मोठे भांडवल लावावे, असा त्याचा सारांश आहे. पिकाचा नवा वाणही याच वाटेने येतो. प्रथम दोन वाणांचा संकर, मग पाच-सात पिढ्यांची निवड, मग संशोधन केंद्रावरील चाचण्या, मग निरनिराळ्या हवामानांतील समन्वित चाचण्या, त्यानंतर समितीची शिफारस आणि १९६६ च्या बियाणे कायद्याखालील अधिसूचना. एवढे झाल्यावर पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे तयार व्हावयाचे. हा एकूण प्रवास दहा-बारा वर्षांचा आहे. इतकी वर्षे ज्याने खर्च पोसावयाचा, तो परतावा कोठून येणार हे आधी विचारणार. सोयाबीनमध्ये त्याला दिसते ते असे की, एकदा बॅग विकली की गिऱ्हाईकच पुढील हंगामात बियाण्याचा उत्पादक होतो. शिवाय माल अवजड, साठवणीत लवकर खराब होणारा आणि नफा बेताचा. सबब तो कपाशीकडे, मक्याकडे, भाजीपाल्याकडे वळतो.

यात व्यक्तिगत दुष्टाव्याचा प्रश्न नाही. झ्वी ग्रिलिशेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो या विषयातील पायाभूत ग्रंथांत मोडतो. आयोवात संकरित मका झपाट्याने पसरला आणि अलाबामात तो कितीतरी उशिरा पोचला. दक्षिणेचा शेतकरी मागासलेला, म्हणून असे झाले, अशी समजूत होती. ग्रिलिशेसने दाखविले ते निराळेच. बियाण्याचे उत्पादक जेथे बाजार मोठा आणि कमाई चांगली तेथे आधी गेले; इतर प्रदेशांना साजेसे वाण तयार करण्याचे काम त्यांनी मागे ठेवले. शेतकऱ्याच्या तथाकथित अनास्थेच्या आधी नवनिर्मितीच्या मालकाची अनास्था असते, हे विदर्भात पदोपदी अनुभवास येणारे सत्य तेथे आकड्यांनी सिद्ध झाले आहे.

चिखलीहून देऊळगाव राजामार्गे जालन्याला जाणारा रस्ता या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या या गृहस्थाने बियाण्याच्या धंद्याचा आरंभ केला तो दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा सावनी या भेंडीच्या वाणापासून. म्हणजे मूळ वाण सार्वजनिक पैशाने झालेला होता. बारवाले यांनी त्यात जे घातले ते संघटनकौशल्य होते: लहान शेतकऱ्यांकडून करारावर बी पिकवून घेणे, ते तपासणे आणि वेळेवर दूरच्या बाजारात पोचविणे. त्या कौशल्याला १९९८ सालचे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले आणि ते अस्थानी होते असे म्हणता येणार नाही. जालन्याच्या या धंद्याची मुळे आज बुलढाणा जिल्ह्यातही पसरली आहेत. देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटखाली भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाचे प्लॉट दिसतात आणि तेथे फुलाफुलावर ‘क्रॉसिंग’ करणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने असतात. त्या हातांची मजुरी बियाण्याच्या पाकिटावरील किमतीत किती असते, हा प्रश्न कोणत्याही नवनिर्मितीच्या पारितोषिकाच्या समारंभात निघत नाही. पण तो निघावयास हवा.

कपाशीच्या इतिहासात या साऱ्याचा कस लागला. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, संकर-४, हा १९७० साली सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रात झाला. मराठवाड्यात नांदेडच्या केंद्राने काढलेला नांदेड-४४ हा वाण कोरडवाहू शेतकऱ्याच्या विशेष आवडीचा होता. हे सारे सार्वजनिक धन. १९९८ साली मोन्सॅन्टोने महिकोचे २६ टक्के भाग घेतले आणि मार्च २००२ मध्ये बीटी जनुक घातलेल्या तीन संकरित वाणांना केंद्राची मान्यता मिळाली. बोंडअळीने गांजलेल्या शेतकऱ्याला त्या पाकिटाने आरंभीची काही वर्षे खराखुरा दिलासा दिला, हे नाकारून चालणार नाही. परंतु पाकिटाची किंमत १६०० रुपयांच्या घरात होती आणि २००५ च्या सुमारास त्यातील सुमारे १२५० रुपये जनुकाचे शुल्क म्हणून जात होते. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा २००६ मध्ये भाव ७५० वर उतरला. पुढे डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय आदेशानंतर हेच शुल्क २०१६ मध्ये ४९ रुपये झाले आणि २०२० मध्ये शून्य. संशोधनाचा खर्च भरून निघण्यासाठी अटळ म्हणून सांगितलेली किंमत सरकारने हात घालताच अशी खाली येते, त्या अर्थी त्यातील मोठा भाग मक्तेदारीचा खंड होता.

किमतीपेक्षाही गंभीर बाब वाणाच्या घडणीची आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे बीटी कपाशी सरळ वाणांत आली. झाडे दाट लावावयाची आणि पीक लवकर उरकावयाचे अशी ती रीत. भारतात ती जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतच आली, कारण संकरित बी दरवर्षी विकता येते. संकरित बी महाग, म्हणून झाडे विरळ. झाडे विरळ, म्हणून उत्पन्नासाठी पीक दीर्घकाळ शेतात उभे. उशिरापर्यंत उभ्या असलेल्या या पिकातच गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. तिने पहिल्या जनुकाला दाद न देण्यास सुरुवात केल्याचे गुजरातमधून २०१० मध्ये जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात दोन जनुकांची कपाशीही विदर्भ-मराठवाड्यात तिने पोखरून काढली. कोरडवाहू शेतीला कमी मुदतीचा, दाट लावता येणारा, घरचे बी ठेवता येईल असा वाण हवा होता. विकावयास सोयीचा वाण तिला मिळाला. नांदेड-४४ सारखे वाण दरम्यानच्या काळात बाजारातून जवळपास हद्दपार झाले होते, कारण जनुक ज्यांच्या हाती त्यांच्याच वाणांत ते प्रथम गेले.

येथवर वाचून समाजवादी कार्यकर्ता समाधानाने मान डोलावील. त्याने थोडे थांबावे. खासगी कंपन्यांनी जे केले नाही ते सार्वजनिक संस्थांनी केले काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक आणले आणि २००९ मध्ये ते बियाणे शेतकऱ्यांच्या हाती दिले. घरी बी ठेवता येईल असा हा बीटी वाण; म्हणजे नेमके जे हवे होते तेच. परंतु त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाची भेसळ असल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विक्री थांबवावी लागली. चौकशी समितीचा अहवाल २०१२ साली आला. एखाद्या कारखान्यात असा माल दारातून बाहेर पडण्याआधी चार टेबलांवर तपासला गेला असता. सार्वजनिक प्रयोगशाळेत तो तपासण्याची अंतिम जबाबदारी कोणा एकाची नव्हती. या एका चुकीने सरळ बीटी वाणाचा मार्ग कित्येक वर्षे मागे पडला आणि त्याची किंमत संस्थेने नव्हे, शेतकऱ्याने मोजली.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक दाण्याचा एक नवा तांदूळ सिद्ध केला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून बाजारात त्याला एचएमटी हे नाव पडले. विशेष शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही, जमीन तुटपुंजी. तरीही हा तांदूळ अनेक राज्यांत पसरला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. मूळ संशोधकाचे श्रेय त्यात राहिले नाही. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना गौरविले, परदेशी नियतकालिकानेही दखल घेतली, पण ३ जून २०१८ रोजी हा मनुष्य गेला तो विपन्नावस्थेतच. कंपनीने शेतकऱ्याचे ज्ञान न विचारता घेतले तर तिला लूट म्हणतात. विद्यापीठाने घेतले तर त्याला वाणाची शुद्धी म्हणतात. दोन्हींचा अर्थ दादाजींच्या घरात एकच झाला.

सोयाबीनच्या बाबतीत सार्वजनिक संशोधनाची कामगिरी मोठी आहे, हे येथेच नोंदविले पाहिजे. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ हा वाण १९९४ मध्ये अधिसूचित झाला आणि त्याच्याच बळावर विदर्भ-मराठवाड्याचे खरीप बदलले. चिखलीच्या बाजार समितीत दसरा-दिवाळीला सोयाबीनच्या ज्या राशी पडतात, त्यांच्या मागे अशा सरकारी वाणांची पुण्याई आहे. त्यानंतर सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या केंद्रातून फुले संगम आला. अकोल्याहून सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा यांसारखे वाण आले. वाण येतात, पण ते पसरविणारी साखळी कमकुवत आहे. सोयाबीनचे बी एका हंगामात वीस-पंचवीस पटीहून फार वाढत नाही. दाण्याचे आवरण पातळ असते. मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले किंवा उन्हाळ्यात पोती एकावर एक रचली की उगवण घटते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के धरलेली आहे. २०२० च्या खरिपात राज्यभर पेरलेले सोयाबीन उगवले नाही म्हणून शेतकऱ्यांनी टाहो फोडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यात लक्ष घालावे लागले आणि दुबार पेरणीचा भुर्दंड हजारो कुटुंबांवर पडला. अकोल्यात मुख्यालय असलेले महाबीज हे महामंडळ १९७६ साली अशी वेळ येऊ नये म्हणूनच स्थापन झाले होते.

या अनुभवाला विटून शेतकरी संघटनेच्या काही मंडळींनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना कपाशीची उघड पेरणी केली आणि तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली. त्यांच्या संतापाला आधार आहे. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. ज्या सरकारने देशात जनुक-परिवर्तित सोयाबीन पेरण्यास मान्यता दिलेली नाही, त्याच सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये तसल्याच सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली आणि ती नेमकी नवा माल बाजारात येण्याच्या तोंडावर. अशा दुटप्पीपणापुढे शेतकऱ्याला विज्ञानाच्या सबबी सांगणे कठीण आहे. परंतु हवे ते पाकीट विकत घेण्याची मोकळीक म्हणजे पाकिटात काय असावे हे ठरविण्याचा अधिकार नव्हे. अमेरिकेतील इंडियाना राज्याचा व्हर्नन बोमन हा शेतकरी हेच सोयाबीन पिकवीत होता. धान्यबाजारातून आणलेले दाणे त्याने पेरले, त्यातील तणनाशक सहन करणाऱ्या पिकाचे बी पुढे वापरले, आणि २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने निकाल दिला तो पेटंटधारक मोन्सॅन्टोच्या बाजूने. भारतात बियाण्यावर पेटंट मिळत नाही आणि २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व बिनछापाचे विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. हा हक्क जगात दुर्मीळ आहे. तो कागदावर शाबूत आहे. त्याचा उपयोग करणारी संघटित ताकद मात्र तालुक्यात दिसत नाही.

येथे चळवळीतील एका जुन्या खोडीविषयी बोलणे भाग आहे. व्यवस्थापन हा शब्द कारखानदारांचा, नवा माल बाजारात आणणे हा नफेखोरांचा उद्योग, असे मानून कार्यकर्ते या प्रांताकडे पाठ फिरवितात. भावाचे आंदोलन त्यांना जवळचे वाटते. उगवणचाचणीची वही दूरची वाटते. सोयाबीनचा हमीभाव मिळाला पाहिजे, यात शंका नाही. पण एकरी झाडेच विरळ उगवली तर तो भाव कशावर घ्यावयाचा? महिकोसारख्या कंपनीने जे साधले त्यात फसवणुकीपेक्षा शिस्तीचा वाटा मोठा होता: कोणते काम कोणी, कोणत्या तारखेस करावयाचे आणि बिघडले तर कोणाला विचारावयाचे, हे तेथे ठरलेले असते. ती शिस्त भांडवलदाराची मालमत्ता नाही. कृषी विद्यापीठांत वाण प्रसारित झाला की काम संपले असे धरले जाते. कंपनीत काम तेथून सुरू होते. खासगी कंपनी न टिकणारी कल्पना वेळीच सोडून देते, कारण तिचा पैसा जात असतो. सार्वजनिक संस्था ती ओढत राहते, कारण जाणारा पैसा कोणा एकाचा नसतो.

सार्वजनिक नवनिर्मिती खेड्यात रुजतच नाही, असेही नाही. अकोल्याच्या विद्यापीठाचे अभियंते आणि वऱ्हाडातील लहान कारागीर यांच्या मेळातून पीकेव्ही मिनी डाळमिल हे यंत्र पसरले. तूर, मूग, हरभरा गावातच भरडता यावा एवढाच त्याचा आवाका. विदर्भात अनेक बचतगटांनी ते घेतले, याचे कारण तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये ते दुरुस्त होते आणि गटाच्या कर्जात बसते. डॉ. लोहिया लहान यंत्राविषयी ज्या तळमळीने बोलत, तिचा हा एक अल्पस्वल्प पण चालता-फिरता दाखला आहे. त्यावर फारसे लिहिले गेले नाही, कारण त्यात चमत्कृती नाही.

चिखली तालुक्यात सोयाबीनसाठी याच चालीने जाता येईल. एकेका गावात पाच-सहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी चार वाणांचे लहान पट्टे सारख्या जमिनीत लावावेत. एक पट्टा नेहमीच्या वाणाचा असावा. फुलोरा केव्हा, शेंगा किती, पावसाच्या खंडात काय झाले, काढणीला उशीर झाला तर शेंग फुटली की टिकली, हे वहीत उतरावे. निंदणी आणि सोंगणी करणाऱ्या स्त्रियांचे मत त्यात आवर्जून घ्यावे. कोणते झाड जमिनीलगत शेंगा धरते आणि सोंगताना वाया जाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. काढणीनंतर गावाने बसून निवड करावी आणि ती नावानिशी अकोल्याला कळवावी, म्हणजे दादाजींच्या बाबतीत झाले ते पुन्हा करण्याची सोय कोणाला राहणार नाही. निवडलेल्या वाणाचे पायाभूत बियाणे शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सेवा सहकारी सोसायटीने महाबीजकडून घ्यावे, गावातच वाढवावे आणि उन्हाळाभर नीट सांभाळावे. यास पैसा लागेल. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक काही वर्षे आर्थिक संकटात सापडली, तेव्हा सहकारी पतपुरवठा आटला म्हणजे काय होते हे या जिल्ह्याने भोगले आहे. म्हणून बी न उगवल्यास भरपाईसाठी वेगळा निधी आधीच बाजूला काढावा आणि त्यात महामंडळाचा वाटा मागावा.

यापैकी काही कामे या हंगामापुरतीही करता येतील. घरच्या बियाण्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले की आठवड्याच्या आत उगवण कळते. ७० दाणे उगवले तर एकरी ३० किलो पुरे, त्याहून कमी उगवले तर त्या मानाने प्रमाण वाढवावयाचे. मेअखेर प्रत्येक गावातील निदान पन्नास घरांची अशी चाचणी पक्षाच्या शाखांनी करून यादी तयार ठेवावी. पेरणीपूर्वी जिल्ह्याची खरीप आढावा बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते. तेथे आजवर खतांच्या रेकची आणि पीककर्जाच्या टक्केवारीची चर्चा होत आली आहे. चिखलीच्या कार्यकर्त्यांनी यादी हातात घेऊन तेथे एवढेच विचारावे की, कोणत्या वाणाचे किती क्विंटल पायाभूत बियाणे तालुक्यातील कोणत्या गावाला, कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहे, आणि ते न मिळाल्यास उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव काय.